फडताळातला साप

कोलंबियाच्या उत्तर टोकाला, ला ग्वाहिरा नावाच्या रखरखीत प्रांतात, सेरेहोनची उघडी कोळसा खाण आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक. तिथल्या एका भूवैज्ञानिकाला १९९४ च्या सुमारास एक लांबट, खडबडीत दगड सापडला. काहीतरी वेगळा दिसतोय म्हणून त्याने तो कचेरीतल्या काचेच्या कपाटात ठेवला. खाली चिठ्ठी लागली : ‘अश्मीभूत फांदी’.

नऊ वर्षं ती फांदी फांदीच राहिली. येणारे-जाणारे बघत असतील, मान डोलावत असतील. २००३ मध्ये फाबियानी हेरेरा हा भूशास्त्राचा विद्यार्थी सहलीबरोबर खाणीत गेला. एक दगड उलटवल्यावर त्याला पानाचा ठसा दिसला, शेजारच्या दगडावर आणखी एक, मग आणखी एक. ही बातमी स्मिथसोनियन संस्थेच्या पनामातल्या केंद्रातले कार्लोस हारामियो यांच्यापर्यंत गेली आणि पानं बघायला माणसं आली. त्यांच्यातल्या स्कॉट विंग यांचं लक्ष कपाटातल्या फांदीकडे गेलं. त्यांनी फोटो काढून फ्लोरिडा विद्यापीठातले जोनाथन ब्लॉक यांना पाठवला. ब्लॉक हाडांचे जाणकार. ती फांदी नव्हती. मगरीच्या एका नामशेष भाऊबंदाचा जबडा होता.

झाड म्हणून नऊ वर्षं मिरवलेल्या त्या जबड्यामुळे ब्लॉक आणि त्यांची मंडळी खाणीत उतरली. सेरेहोनचे ते थर ५ कोटी ८० लाख ते ६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे डायनोसॉर संपून साठ-ऐंशी लाख वर्षं उलटून गेलेली. उष्ण कटिबंधात या काळातली हाडं मिळणं फार दुर्मीळ, कारण तिथला खडक एक तर जंगलाखाली असतो नाहीतर मातीखाली. कोळशासाठी माणसाने डोंगरच्या डोंगर सोलून काढले म्हणून हे थर उघडे पडले. पोत्यांनी हाडं गोळा झाली, वेष्टनांत बांधून फ्लोरिडाच्या संग्रहालयात गेली आणि खणांत पडली. त्यांतल्या बऱ्याच मणक्यांवर चिठ्ठी होती ‘मगर’.

तिथेही काही काळ तसंच. २००७ मध्ये अ‍ॅलेक्स हेस्टिंग्ज हा ब्लॉक यांचा विद्यार्थी मगरी अभ्यासत असताना एक मणका त्याच्या मनाला पटेना. त्याने तो जेसन बोर्क या सहकाऱ्याला दाखवला. त्याचा हात सरपटणाऱ्यांच्या हाडांवर बसलेला. बोर्क म्हणाला, हा सापासारखा दिसतोय. संग्रहातल्या अ‍ॅनाकोंडाचा मणका काढून दोघांनी शेजारी ठेवला. आकार हुबेहूब. फरक एवढाच की खाणीतल्या मणक्यापुढे अ‍ॅनाकोंडाचा मणका चिमुकला दिसत होता.

आपल्याकडे ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ असं म्हणतात. जीवाश्मांच्या सापांचा इतिहास वाचत गेलो तसं माझ्या लक्षात आलं की इथे नेमकं उलटं आहे. साप हातात असतो, खणात असतो, कपाटात असतो आणि माणसं त्याला साप म्हणायला तयार नसतात.

याला कारण आहे, नुसता हलगर्जीपणा नाही. सापाची कवटी म्हणजे पातळ, एकमेकांना सैल बांधलेल्या हाडांची मोळी. साप मेला की ती आधी विस्कटते आणि चिखलात विरून जाते. उरतात मणके. माणसाला तेहतीस, सापाला दोनशे-तीनशे, काहींना त्याहून जास्त. सापाचा मणका समोरून पोकळ वाटीसारखा, मागून गोल गोळ्यासारखा. एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत बसतो. पण अशी वाटी-गोळ्याची जोडणी आजच्या मगरींच्या मणक्यांतही असते. आकार मोठा असला की मगर आधी आठवते, कारण एवढा साप असेल हे डोकं मान्यच करत नाही. खरी खूण वेगळीच असते. सापाच्या मणक्याच्या पुढच्या कडेला, वरच्या बाजूला, एक जादा पाचर असते आणि पुढच्या मणक्याच्या मागे तिच्यासाठी खाच असते. सुतार कुसू आणि खाच करून जोड बसवतो तसं. या जोडामुळे साप कितीही वळला तरी त्याचा कणा पिळला जात नाही. हा जोड ज्याने हजारदा पाहिला आहे त्याला तो चिमटीत आल्याबरोबर कळतो. ज्याने पाहिलेला नाही त्याच्या टेबलावर तो दहा वर्षं पडून राहतो.

फेब्रुवारी २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जेसन हेड, ब्लॉक, हारामियो आणि सहकाऱ्यांनी त्या सापाचं नाव जाहीर केलं : टायटॅनोबोआ सेरेहोनेन्सिस. लांबी सुमारे १२.८ मीटर, वजन सुमारे ११३५ किलो. खाणीतून अशा २८ सापांचे अवशेष मिळाले होते, म्हणजे एखाद-दुसरं राक्षसी पिलू नव्हे, त्या दलदलीत त्यांची वस्तीच होती. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात या सापाची पूर्णाकृती मांडली. मगरीसारखा प्राणी तो गिळतोय असं दृश्य. लोकलच्या गर्दीत दादर स्थानकावर असं काही मांडलं तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण मला टायटॅनोबोआच्या लांबीपेक्षा ‘नेचर’मधल्या त्या लेखातला दुसरा मुद्दा अधिक आवडला. साप थंड रक्ताचा, म्हणजे त्याच्या शरीरातली भट्टी बाहेरच्या हवेवर चालते. हवा जितकी उष्ण तितका मोठा देह तो पोसू शकतो. हेड आणि मंडळींनी हे उलटं फिरवलं. आज एवढ्या तापमानात एवढा अ‍ॅनाकोंडा राहतो, मग १३ मीटरच्या सापाला किती ऊब लागेल? उत्तर आलं, वर्षभराची सरासरी ३० ते ३४ अंश सेल्सियस. सापाचा मणका तापमापक झाला. कल्पना देखणी आहे यात वाद नाही. वाद आहे तो तापमापकाच्या खरेपणावर. आक्षेप लगेच आले. हाच हिशोब ऑस्ट्रेलियातल्या, फार जुन्या नसलेल्या, प्रचंड घोरपडीसारख्या प्राण्याला लावला तर तिथल्या हवामानाबद्दल भलतंच उत्तर येतं, हा त्यांतला एक. मला स्वतःला वाटतं की या पद्धतीने आलेला आकडा ढोबळ मानावा. सेरेहोनमध्ये उष्मा होता हे तिथल्या पानांवरून आणि इतर पुराव्यांवरून दिसतंच, त्यासाठी सापाची साक्ष एकटीच पुरेशी नाही.

आता नागपूरकडे वळू, तिथल्याही एका दगडात साप लपला होता.

धनंजय मोहबे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. गुजरातेत धोळी डुंगरी गावाजवळ त्यांना डायनोसॉरची अंडी असलेला एक दगड मिळाला. अंडी मोठी, साधारण १६ सेंटिमीटर व्यासाची, लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची. शेजारी काही नाजूक हाडं. अंड्याजवळची हाडं म्हणजे पिल्लाची, हा निष्कर्ष कोणीही काढला असता. मोहबे यांनीही १९८७ साली ती डायनोसॉरच्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन नागपुरात आले आणि त्यांनी तो दगड हातात घेतला. पिल्लू तर होतंच. पण त्याच्याभोवतीचे काही मणके त्यांना खटकले. तोच जोड, तीच पाचर आणि खाच.

मग परवानग्या, कागदपत्रं, प्रवास. दगड मिशिगनला गेला आणि भोवतालचा खडक कणाकणाने कोरून काढण्यात बरेच महिने गेले. जे उघडं झालं ते जीवाश्मांच्या जगात क्वचितच दिसतं. एक साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलाय, त्याचं डोकं वेटोळ्यावर टेकलंय, बाजूला नुकतं बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू, आणखी दोन न फुटलेली अंडी. तेवढ्यात वरून वाळू-मातीचा लोट आला आणि सगळे जिथल्या तिथे गाडले गेले. ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा तो क्षण. २०१० साली ‘प्लॉस बायॉलॉजी’मध्ये विल्सन, मोहबे, शनन पीटर्स आणि जेसन हेड यांनी त्याचं नाव ठेवलं सनाजेह इंडिकस. हो, हेच ते टायटॅनोबोआचे जेसन हेड. या धंद्यात मणके ओळखणारी माणसं मोजकीच.

सनाजेह साडेतीन मीटरचा. आजच्या अजगरापुढे त्याचं कौतुक कोणी करणार नाही. पण त्याची कवटी मिळाली, हेच मोठं. आजचे अजगर जबडा सैल करून आपल्या डोक्याच्या कित्येक पट मोठी शिकार गिळतात. सनाजेहचा जबडा तितका उघडत नव्हता. अख्खं अंडं त्याला गिळता आलं नसतं. म्हणून तो पिल्लं बाहेर यायची वाट बघत घरट्यात बसत असावा. अशी घरटी त्या परिसरात पुष्कळ होती, आणि त्यांच्या आसपास या सापाची हाडं एकाहून अधिक ठिकाणी मिळाली आहेत. म्हणजे ही एखाद्या दिवसाची चोरी नव्हती, हा त्याचा रोजचा उद्योग होता.

तिसरी गोष्ट अलीकडची, आणि वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेली. कच्छच्या लखपत तालुक्यात पानन्ध्रो इथे लिग्नाइटची खाण आहे. लिग्नाइट म्हणजे कोवळा, तपकिरी कोळसा. तिथून तो वीजकेंद्राकडे जायचा. २००५ साली या खाणीत आयआयटी रुरकीचे सुनील बाजपेयी यांना मोठे मणके मिळाले. बाजपेयींचं नाव कच्छमधल्या आदिम देवमाशांच्या संशोधनासाठी जगभर माहीत आहे. जमिनीवरचे चारपायी पूर्वज पाण्यात कसे उतरले याची कच्छ ही पुस्तकाची पानंच आहेत. देवमासे हाताशी असताना हे मणके मगरीचे समजून बाजूला राहिले. अनेक वर्षांनी देबजित दत्ता हे तरुण संशोधक त्यांच्याकडे आले आणि दोघांनी ते पुन्हा उलगडले. एप्रिल २०२४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये वासुकी इंडिकस जगापुढे आला. सापडल्यापासून एकोणीस वर्षांनी.

मगर, पिल्लू, मगर. दोन खंडांतली तीन फडताळं म्हटलं तरी चालेल.

वासुकीचे २७ मणके मिळाले, काही एकमेकांना जोडलेले. सर्वांत रुंद मणका ११ सेंटिमीटरच्या थोडा वर. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेल्या हाताच्या निम्म्याहून थोडा जास्त. काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. कच्छ तेव्हा समुद्रकाठची दलदल, वार्षिक सरासरी तापमान २८ अंशांच्या आसपास. मांजरमासे, कासवं, मगरी आणि आदिम देवमासे शेजारी. वासुकी जाडजूड, मंद, दबा धरून बसणारा असावा असा अंदाज आहे.

आणि लांबी? इथे जरा थांबायला हवं, कारण बातम्या इथे थांबल्या नाहीत. बहुतेक मथळे ‘पन्नास फूट’ म्हणाले. मूळ लेखात लांबी १०.९ ते १५.२ मीटर अशी आहे. हा पल्ला कसा आला ते समजून घेतलं तर मथळ्यांचा राग येतो. मणक्याच्या रुंदीवरून लांबी काढायची, तर आजच्या सापांत त्या दोहोंचं काय नातं आहे हे आधी मोजावं लागतं. बोआ कुळाचं नातं लावलं तर १०.९ ते १२.२ मीटर येतात. अजगर कुळाचं लावलं तर १४.५ ते १५.२ मीटर. वासुकी यांतल्या कोणत्याही कुळातला नाही. तो मॅड्ट्सॉइड नावाच्या, आता पूर्ण नामशेष झालेल्या घराण्यातला. त्यामुळे उसनी फूटपट्टी कोणाची घ्यायची एवढाच प्रश्न उरतो. बारा मीटर म्हणजे साधारण आपल्या लालपरीएवढा. पंधरा म्हणजे लालपरी आणि पुढे एक रिक्षा. दोन्ही मला पुरेसे भीतीदायक वाटतात.

लांबीचं वेड जुनंच आहे. १९०७ मध्ये पर्सी फॉसेट या इंग्रज प्रवाशाने ॲमेझॉनच्या जंगलात ६२ फुटांचा अ‍ॅनाकोंडा मारल्याचं लिहिलं. पुरावा कोणी पाहिला नाही. अमेरिकेत तीस फुटांहून मोठा जिवंत साप आणून देणाऱ्याला बक्षीस लावलं गेलं. थिओडोर रूझवेल्ट यांच्या नावाशी जोडलेली ही पैज पुढे पन्नास हजार डॉलरपर्यंत चढली आणि कोणालाच मिळाली नाही. गिनेस पुस्तकात बंदिवासातला सर्वांत लांब साप म्हणून नोंद आहे ती कॅन्सस सिटीतल्या ‘मेडुसा’ या जाळीदार अजगरिणीची, ७.६७ मीटर. जंगलातल्या सापाची लांबी सांगणारा जितका लांब राहतो, तितका साप वाढतो. मेलेल्या सापाचं मात्र उलटं होतं. इजिप्तच्या फायूममधून १९०१ मध्ये चार्ल्स अँड्र्यूज यांनी जायगँटोफिस नावाचा साप वर्णिला. कित्येक दशकं तो नऊ-दहा मीटरचा मानला गेला आणि जगातला सर्वांत मोठा साप म्हणून पुस्तकांत छापला गेला. २०१७ मध्ये नव्याने मोजमाप झालं तेव्हा तो सुमारे ६.९ मीटरवर आला. त्यामुळे टायटॅनोबोआ मोठा की वासुकी, या कुस्तीत मी कोणाच्याच बाजूने उभा नाही.

नावाबद्दलही एक शब्द. शंकराच्या गळ्यातला, मंदार पर्वताला दोरीसारखा गुंडाळलेला वासुकी. राक्षसी सापाला याहून समर्पक नाव मिळालं नसतं. नाव जाहीर झाल्याबरोबर समुद्रमंथनाचा पुरावा मिळाल्याचे संदेश माझ्याही फोनवर आले. माणूस नावाचा प्राणी तीन लाख वर्षांचा आणि हा साप पावणेपाच कोटींचा, एवढं लिहून मी एकदा उत्तर दिलं. पलीकडून हात जोडलेली खूण आली. पुढे मी वाद घातला नाही.

खरं तर वासुकीच्या नातेवाइकांची यादी त्या संदेशांपेक्षा जास्त चक्रावणारी आहे, आणि तिच्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव आहे. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. भूशास्त्रात त्याचं नाव दीडशेहून अधिक वर्षं घेतलं जातंय. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप, धर्मोपदेशक आणि हौशी दगडसंग्राहक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या हाडांपर्यंत पोहोचले होते. पुढे १८७९ मध्ये लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी हा डायनोसॉर सांगितला. इथे अश्मीभूत विष्ठेचे गोळेही भरपूर मिळतात. २००५ साली त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे सिद्ध झालं. तोपर्यंत गवत बरंच नंतरचं समजलं जाई. शेणाने शास्त्राचं पान बदललं, ही गोष्ट विदर्भातच घडावी हे बरं झालं.

याच पिसदुऱ्याहून २०११ मध्ये मोहबे, हेड आणि विल्सन यांनी एक साप वर्णिला : मॅड्ट्सोइया पिसदुरेन्सिस. गावाचं नाव सापाला. हा मॅड्ट्सॉइड घराण्यातलाच. आणि वासुकीची वंशावळ जुळवताना दत्ता आणि बाजपेयी यांना त्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद मिळाले ते दोन : एक पिसदुऱ्याचा, दुसरा इजिप्तचा तो आटलेला जायगँटोफिस.

हे नकाशावर ठेवून पाहा. पिसदुऱ्याचा साप जगला तेव्हा भारत समुद्रात एकटा तरंगणारा भूखंड होता. मग, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे, दख्खनची जमीन फाटली. लाव्हा थरावर थर चढत गेला. सह्याद्रीचे कडे, रायगडाचा टकमक, अजिंठा-वेरूळचा पाषाण, सगळा त्यातूनच. डायनोसॉर गेले. सापांचं हे घराणं मात्र त्या काळ्या कातळाच्या खाली आहे आणि वरही आहे. खाली पिसदुऱ्यात, आणि जवळजवळ दोन कोटी वर्षांनंतर पानन्ध्रोत, आधीपेक्षाही मोठं होऊन. दरम्यान भारत आशियाला जाऊन धडकू लागला, जमिनीची वाट मिळाली आणि दत्ता-बाजपेयींच्या मते हे घराणं त्या वाटेने, दक्षिण आशिया-युरोपच्या काठाकाठाने, आफ्रिकेत उतरलं. तिथला जायगँटोफिस वासुकीहून धाकटा. म्हणजे फायूमच्या वाळवंटातल्या त्या सापाचं मूळ गाव आपल्या बाजूचं असण्याची शक्यता आहे.

या घराण्याचा शेवट कुठे झाला तेही माहीत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नाराकूर्टच्या गुहांमधून १९७६ मध्ये वोनाम्बी या सापाचं वर्णन झालं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांतल्या महासर्पाचंच ते नाव. तो सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता, आणि माणसं तोवर ऑस्ट्रेलियात पोहोचलेली होती. इथे मात्र माणूस आणि साप समोरासमोर आले असतील.

वासुकीचं डोकं अजून मिळालेलं नाही. जबडा किती उघडत होता, तो काय खात होता, सारं २७ मणक्यांवरूनच. दोनशेहून अधिक मणक्यांचा तो साप असेल तर बाकीचे कुठे गेले? काही मुळातच विरले असतील. काही अजून खडकात असतील. आणि काही, यंत्रांनी ओरबाडताना कोणाच्या नजरेस न पडता, लिग्नाइटच्या वरचा नकोसा खडक जिथे ओततात त्या ढिगाऱ्यांत गेले असतील, डंपरच्या एखाद्या खेपेबरोबर.